एचपी म्हणजे दम: टेबलावरची लढाई नव्यानं खेळणाऱ्यांसाठी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर आणि तोंडी गोष्टीवर चालणाऱ्या खेळात मी पहिल्यांदा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी, झाले तेव्हा मामेभावाच्या लढवय्याची मी अर्ध्या तासात पार दैना केली. गॉब्लिनचा, म्हणजे गोष्टीतल्या छोट्या राक्षसाचा, वार लागला की मी सांगायची, "बरगडीत घुसली." दुसरा लागला, "दंडाचं मांस फाटलं." तिसऱ्या वाराला तर मी त्याचं डावं मनगटच मोडून टाकलं. तरी त्याच्या कागदावर १२ एचपी, म्हणजे हिट पॉइंट्स, मार झेलायचे गुण, शिल्लक होते आणि तो लढत राहिला. लढाई संपली, मंडळींनी जंगलात मुक्काम टाकला, आठ तास झोप काढली आणि नियमाप्रमाणे त्याचे सगळे २८ एचपी परत आले. त्यानं आकडा खोडून नवा लिहिला आणि अगदी मनापासून विचारलं, "ताई, मनगट मोडलं होतं ना माझं? मग सकाळी ढाल कशात धरू?"

त्या रविवारी सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये पाचजण बसले होते आणि मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्याच्या घराण्यातला एखादा खेळ सांगली, मिरज, साताऱ्याकडं कुणी चार मित्र जमवून पहिल्यांदा खेळणार असेल, तर एचपी नावाचा हा आकडा पहिल्याच दिवशी नीट समजावा एवढीच इच्छा आहे.

खेळ माहीत नसेल तर दोन ओळी. एकजण गेम मास्टर होतो, तो जग आणि शत्रू सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. काय करायचं ते तोंडानं सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशांवर ठरतं, मुख्यतः वीस बाजूंच्या फाशावर. नियम विकत घ्यायची घाई करू नका. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुले आहेत, आणि खाली दिलेले आकडे त्या २०१४ च्या नियमांतलेच आहेत. फासे नसतील तर मोबाईलवरही टाकता येतात. पण खरे फासे आणाच. ते टेबलावर घरंगळतात तेव्हा सगळ्यांचा श्वास थांबतो, ते मोबाईलवर होत नाही.

पहिली पायरी: आकडा लिहा

पात्राचा वर्ग ठरला की त्याचा एचपीचा फासा ठरतो. जादूगाराला सहा बाजूंचा, चोराला आणि धर्मगुरूला आठचा, लढवय्याला दहाचा, बार्बेरियनला बाराचा. पहिल्या लेव्हलला फासा टाकायचाच नाही, त्यावरचा सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा आणि त्यात कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे काटकपणाचा, अधिक-उणे आकडा मिळवायचा. लढवय्या आणि काटकपणा अधिक २, म्हणजे १० आणि २, एकूण १२. जादूगार आणि काटकपणा अधिक १, म्हणजे ७.

पूर्ण एचपी पेननं लिहा. चालू एचपी शेजारी पेन्सिलनं लिहा आणि खोडू नका, एकाखाली एक लिहीत जा: १२, ६, १. लढाई संपल्यावर त्या रांगेकडे पाहिलं की अख्खी झुंज आठवते. आमच्याकडचे जुने कागद मी एका फाईलला लावून ठेवलेत.

दुसरी पायरी: हा आकडा कशाचा ते समजून घ्या

बहुतेक नवे खेळाडू एचपीला रक्त समजतात. १२ एचपी म्हणजे बारा बाटल्या, प्रत्येक वाराला सहा बाटल्या सांडल्या. मीही तेच समजत होते, म्हणून ते मनगट मोडलं.

नियमांत उत्तर आहेच. एचपीमध्ये शरीराचा आणि मनाचा टिकाव, जगण्याची जिद्द आणि नशीब, हे सगळं मिळून येतं असं पाचव्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलेलं आहे. या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनीही १९७९ च्या गेम मास्टरच्या पुस्तकात जवळजवळ हेच समजावलं होतं: कसलेल्या योद्ध्याचे वाढलेले एचपी म्हणजे वाढलेलं मांस नाही, त्यात कसब, नशीब आणि दैवी साथ येते. मी ते वाचलं होतं, पण माझ्या डोक्यात उतरलं नव्हतं. उतरलं ते कुंडलच्या मैदानातली एक कुस्ती आठवली तेव्हा.

मी दहाएक वर्षांची असेन. आबांनी मला पुढं बसवलं होतं. हलगी कडाडत होती. दोघांपैकी एक पैलवान अंगानं मोठा, दुसरा त्याच्यापेक्षा बारीक पण चपळ. मोठा सारखा पट काढायला खाली घुसायचा, आणि बारीक गडी दर वेळी पाय मागं फेकून सुटायचा. पहिल्यांदा सुटला तेव्हा हसत उभा राहिला. तिसऱ्यांदा सुटला तेव्हा उठायला वेळ लागला, वाकून त्यानं हाताला माती लावली आणि ती लावता लावता चार श्वास जास्तीचे घेतले. पाचव्या वेळी तोंड उघडं पडलेलं, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. अंगावर लाल मातीशिवाय काही नव्हतं, एक ओरखडासुद्धा नाही. सहाव्यांदा तोच पट आला आणि पाय मागं गेलाच नाही. पाठ मातीला टेकली, चितपट. मी आबांना विचारलं, आता कसा काय धरला? आबा म्हणाले, "डाव त्योच हुता, पोरी. दम संपला हुता."

एचपी म्हणजे हाच दम. पहिल्या पाच पटांनी त्या गड्याला जखम केली नाही, पण ते फुकटही गेले नाहीत. प्रत्येक वेळी सुटण्याची किंमत त्यानं दमात मोजली. टेबलावर गेम मास्टर "सहा डॅमेज" म्हणतो तेव्हा तो त्या किमतीचा आकडा सांगत असतो: हा वार तुझा जीव घेऊ शकला असता, तो चुकवायला तुला सहा मोजावे लागले. मोजायला गाठीशी उरलं नाही, की वार सरळ अंगात शिरतो. हिंदकेसरी मारुती माने यांचं कवठेपिरान ज्या सांगली जिल्ह्यात आहे, तिथल्या माणसाला दमसास म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त तो शब्द एचपीच्या जागी ठेवायचा.

मग एवढा घोळ का होतो? याचं कारण मला या आकड्याच्या जन्मात दिसतं. हा खेळ १९७४ मध्ये छापला गेला तो गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नावानं. एचपी आणि आर्मर क्लास (वार लागायला फाशानं गाठायचा आकडा) या कल्पना आपण आपल्याच आधीच्या एका युद्धखेळातून घेतल्या, असं आर्नेसन यांनी सांगितलेलं आहे, आणि तो खेळ होता अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी पत्र्यांच्या युद्धनौकांचा. जहाजाला हा हिशोब चपखल बसतो. गोळा लागला, पत्रा फाटला, आणखी चार लागले की बुडालं. माणसाचं तसं नसतं, त्याला एक भाला बस होतो. जहाजाचं माप माणसाला लावायचं तर त्या मापाचा अर्थ बदलावा लागतो. शब्द मात्र जहाजाचाच राहिला: हिट, डॅमेज. तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढं भोक दिसतं.

तिसरी पायरी: एक लढाई सावकाश खेळून पाहा

पहिल्या दिवशी मोठी मोहीम काढू नका. एक लढवय्या आणि दोन गॉब्लिन, एवढंच घ्या. लढवय्याचे एचपी १२, अंगात कड्यांचं चिलखत, म्हणून आर्मर क्लास १६. गॉब्लिनचे एचपी ७. तो वार करतो तेव्हा वीसच्या फाशात ४ मिळवायचे, लागला तर सहा बाजूंचा फासा अधिक २ एवढं डॅमेज.

पहिला गॉब्लिन: फाशावर ९ आणि ४, झाले १३. सोळाला पोचला नाही, वार फुकट. हा दमाला न भिडलेला वार आहे. पातं चिलखतावर खणकन वाजून घसरलं, किंवा लढवय्यानं नुसती मान कलती केली. त्याची किंमत शून्य. चुकलेला वार आणि लागलेला वार यांतला फरक इथं पक्का करा: चुकलेला वार सहज गेला, लागलेला वार मुश्किलीनं गेला.

दुसरा गॉब्लिन: १३ आणि ४, म्हणजे १७. लागला. डॅमेजच्या फाशावर ४, अधिक २, एकूण ६. बाराचे सहा उरले. अर्धा दम गेला, पण भोसकू नका. "त्याचं पातं तू तलवारीवर अडवलंस, पण झटक्यानं खांद्यापर्यंत मुंग्या आल्या आणि तू दोन पावलं मागं रेटला गेलास."

लढवय्या पहिल्या गॉब्लिनवर वार करतो आणि त्याचं डॅमेज ७ होतं. गॉब्लिनचा सगळा दम सातच होता. त्याला चुकवायला काही उरलंच नाही, तेव्हा हा वार थेट आत गेला. इथं रक्त दाखवा, इथं ते शोभतं.

दुसरी फेरी. उरलेला गॉब्लिन: १६ आणि ४, वीस. डॅमेज ५. सहाचा एक उरला. "पातं कानाजवळून गेलं, गालावर गरम ओघळ जाणवतोय. श्वास छातीत मावत नाहीये." आता ओरखडा चालेल. २०१४ च्या नियमांतही असंच सुचवलेलं आहे: अर्धे किंवा त्याहून जास्त एचपी असताना जखमेची खूण दिसत नाही, अर्ध्याखाली गेलं की कापल्याच्या, खरचटल्याच्या खुणा दिसू लागतात, आणि शून्यावर नेणारा वार खरा लागतो. हा अर्ध्याचा टप्पा गेम मास्टरच्या फार कामाचा आहे. शत्रूचे एचपी मी खेळाडूंना कधीच सांगत नाही. "त्याला धाप लागली आहे" एवढं म्हटलं की अर्धा गेला हे त्यांना कळतं.

लढवय्याचा वार या फेरीत चुकला. तिसरी फेरी: १४ आणि ४, अठरा. डॅमेज ४. एकाचं शून्य झालं. मघाच्या दोन्ही वारांपेक्षा हा आकडा लहान आहे, तरी पाडलं यानंच. हे नव्या खेळाडूला मुद्दाम दाखवा, कारण इथंच त्याला एचपी कळतात. डाव तोच होता.

बोलायचं कसं

सगळ्यात जास्त मेहनत मी यावर घेतली. इंग्रजीत ऐकलेली लढाई मराठीत सांगायला गेलं की सारखं "तुला वार लागला, तुला जखम झाली" एवढंच तोंडात येतं. आपल्या भाषेत दमाचे शब्द भरपूर आहेत, ते काढा. पाय सरकला. तोल गेला. हाताला झिणझिण्या आल्या. घशाला कोरड पडली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. ढाल छातीवर आपटली. पातं चाटून गेलं. घामानं मूठ निसटायला लागली. थोडक्यात वाचलास. हे शून्याच्या वरचे शब्द. घुसलं, आरपार गेलं, उभा चिरला, कोसळला, हे शून्यासाठी राखून ठेवा. पहिल्याच वाराला "आरपार" वापरून टाकलं, तर शेवटी काय म्हणणार?

शस्त्र पाहूनही बोलणं बदलतं. गदा असेल तर ढालीवरचा दणका हाडापर्यंत पोचतो. बाण असेल तर जीव खाऊन जमिनीवर लोळण घ्यावी लागते. ड्रॅगनच्या जाळातून वाचलेला माणूस खडकाआड गेला, पण केस जळाल्याचा वास येतोय आणि श्वास भाजतोय.

लेव्हल वाढली की

दुसऱ्या लेव्हलपासून दर वेळी एचपीचा फासा टाकायचा किंवा ठरलेला आकडा घ्यायचा. लढवय्यासाठी तो ६ आहे, त्यात काटकपणा मिळवायचा. आपला १२ वाला लढवय्या पाचव्या लेव्हलला ४४ वर जातो, दहाव्या लेव्हलला ८४ वर. गॉब्लिनचा तोच सहाचा वार, ज्यानं आधी अर्धा दम काढला होता, तो आता जेमतेम जाणवतो.

रक्त मानलं तर इथं सगळं कोसळतं, कारण माणसाच्या अंगात सातपट रक्त कुठून येणार? दम मानलात तर तालमीत रोज दिसणारी गोष्ट आहे. पोरगा पट सोडवायला सगळं अंग झोकतो. वस्ताद नुसती कंबर वळवतो. दोघांवर जोर सारखाच आला, वस्तादाला तो चुकवायला फार थोडं खर्चावं लागलं. म्हणून मोठ्या लेव्हलच्या पात्रावर वार लागला की मी त्याचं कसब सांगते, सहनशक्ती सांगत नाही.

एक गोष्ट मात्र कुस्तीसारखी नाही, आणि ती लपवू नये. दमलेल्या पैलवानाचे डावही ढिले पडतात. या खेळात १ एचपी उरला तरी पात्राचा वार तितकाच जोरदार असतो. दमला की वारही ढिला, असा नियम केला तर पहिला मार खाणारा पुढं आणखी मार खातो आणि लढाई पहिल्या दोन वारांतच संपल्यात जमा होते. काही खेळांनी तो मार्ग घेतलाही आहे. मला शेवटच्या एचपीवर उभं राहून उलटा डाव टाकणारा गडी जास्त आवडतो, म्हणून मी या नियमावर खूश आहे.

शून्यावर काय होतं

पात्र पडतं, बेशुद्ध होतं. मेलं असं नाही. त्याची पाळी आली की वीसचा फासा टाकायचा, त्यात काहीही मिळवायचं नाही. १० किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश. म्हणजे प्रत्येक फाशाला जगण्याची बाजू ५५ टक्के. तीन यशं आधी आली तर प्रकृती स्थिर होते, तीन अपयशं आधी आली तर पात्र गेलं. १ आला तर दोन अपयशं धरायची. २० आला तर १ एचपी घेऊन ते डोळे उघडतं, आणि तेव्हा घरात जो आरडाओरडा होतो त्यानं आमच्या शेजारच्या काकू दोनदा विचारपूस करून गेल्यात.

पडलेल्याला वार लागला तर आणखी एक अपयश, क्रिटिकल, म्हणजे डॅमेजचे फासे दुप्पट होणारा जबर वार, असेल तर दोन. म्हणून मित्र पडला की आधी त्याच्याजवळ जा.

जादूगार घेणाऱ्याला एक धोका आधी सांगून ठेवा. शून्यावर आणूनही जे डॅमेज उरतं, ते पात्राच्या पूर्ण एचपीएवढं किंवा जास्त असेल तर फासे टाकायचे नाहीत, मृत्यू तिथंच. ७ एचपीच्या जादूगाराला गॉब्लिनचा क्रिटिकल बसला आणि दोन्ही फाशांवर सहा-सहा आले, तर डॅमेज १४. सात गेले, सात उरले, पूर्ण एचपी सात. फार क्वचित होतं, पण पहिल्या लेव्हलच्या जादूगारानं मागं उभं का राहायचं याचं कारण हेच आहे.

दम परत कसा येतो

तासाभराची छोटी विश्रांती घेतली तर आपल्याकडच्या एचपीच्या फाशांपैकी हवे तेवढे खर्चून एचपी मिळवता येतात. आठ तासांची मोठी विश्रांती झाली की सगळे परत. मोडलेलं हाड एका रात्रीत जुळत नाही, पण दिवसभर खेळलेला गडी पोटभर जेवून झोपला की सकाळी ताजा होतो. मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं होतं. त्याचं मनगट मोडायलाच नको होतं.

लढवय्याला पहिल्या लेव्हलपासून एक ताकद मिळते, तिचं नाव सेकंड विंड. सरळ मराठीत दुसरा दम. लढाई चालू असताना दहाचा फासा अधिक लेव्हल, एवढे एचपी स्वतःच परत घ्यायचे, मलमपट्टी नाही की मंत्र नाही. आणि हीलिंग वर्ड नावाचा एक मंत्र आहे, तो साठ फुटांवरून नुसता शब्द उच्चारून एचपी देतो. तो वापरला की मला आखाड्याच्या कडेला उभे असलेले वस्ताद दिसतात. "सोडू नकोस, उठ!" अशी हाक येते आणि खाली दबलेला गडी पुन्हा हालचाल करतो.

जिथं हे अडतं

विष आहे. विषारी पातं अंगाला लागल्याशिवाय विष भिनत नाही, तेव्हा अशा वाराला एचपी कितीही असले तरी छोटासा ओरखडा द्या. पुरेसा असतो.

उंचावरून पडणं आहे. दर दहा फुटांना सहाचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. शंभर फुटांवरून पडलं तर सरासरी ३५. ४४ एचपीचा लढवय्या त्यातून उठून चालू लागतो, आणि तट चढताना एखादा खेळाडू हे गणित मांडून उडी मारायला निघतो. नियम त्याला अडवत नाही. मी त्याला विचारते, वाटेत कशाला धरलंस? मधल्या झुडपाला हात घातला, बुरुजाच्या दगडावर टाच टेकवली, काहीतरी त्यानं सांगायचं. सांगता आलं की ३५ मोजायचे.

आणि त्यानं सांगायचं, हेच मी हळूहळू सगळ्या वारांना लावलं. आकडा मी देते, झालं काय ते ज्याला लागलं तो सांगतो. गेल्या महिन्यात मामेभावाच्या कागदावर रांग होती ४४, ३१, १७, ९, आणि ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसानं आठ डॅमेज केलं. त्यानं पेन्सिलनं खाली १ लिहिला, क्षणभर कागदाकडं पाहिलं आणि म्हणाला, "सोटा खाली आला तेव्हा मी ढाल वर धरली. ढाल फुटली. मी एका गुडघ्यावर बसलोय, फळीचा तुकडा हातात आहे, आणि मनगट शाबूत आहे, ताई."

मग त्यानं वीसचा फासा उचलला.